सहा महिने तोड, तरी अंगावर बाकी

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने उधना सोडलं की थोड्याच वेळात चलथाण येतं. पलसाणा तालुक्यातलं हे गाव आता जवळजवळ सुरतेत मिसळून गेलं आहे. कडोदऱ्याचा महामार्ग, कापडाच्या गिरण्या, मजुरांच्या खोल्या, आणि या सगळ्याच्या मधून अजून टिकून राहिलेला ऊस. गावात सहकारी साखर कारखाना आहे. दिवाळी सरते, गाळप सुरू होतं आणि नंदुरबार, धुळे, डांग, तापी या जिल्ह्यांतून ट्रक भरभरून माणसं या पट्ट्यात उतरतात. बहुतेक भिल्ल, कोकणा, गावित. बरोबर लेकरं, भांडीकुंडी, चुलीपुरती लाकडं. शेताच्या कडेला किंवा गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत त्यांच्या झोपड्या पडतात. त्या वस्तीला इकडे पडाव म्हणतात.

यात दोन कोडी आहेत. पहिलं असं, की ज्या गावांच्या शिवारात हा ऊस उभा असतो त्याच गावांत हळपतींच्या वस्त्या आहेत. हळपती हा दक्षिण गुजरातमधला भूमिहीन शेतमजूर समाज. त्याला काम हवं असतं, तो हाताशी असतो, आणि तरीही तोडीसाठी माणसं आणली जातात शंभर-दीडशे किलोमीटरवरून. दुसरं कोडं पडाव उठतो त्या दिवसाचं. नोव्हेंबर ते एप्रिल राबलेल्या जोडप्याचा हिशेब होतो आणि कित्येकदा हातात काही येण्याऐवजी अंगावर बाकी निघते. कुणी त्यांना लुटलेलं नसतं, कोंडून ठेवलेलं नसतं, हातही उगारलेला नसतो. मग सहा महिन्यांची मेहनत गेली कुठे?

दोन्ही कोड्यांचं उत्तर एकच आहे. ते समजून घ्यायला आधी उसाकडे पाहावं लागतं.

ऊस वाट पाहत नाही

ज्वारी कापून खळ्यावर पंधरा दिवस ठेवली तरी तिचं फारसं बिघडत नाही. उसाचं तसं नाही. काढलेलं दूध वेळेत तापवलं नाही तर नासतं, तसाच तोडलेला ऊस तासातासाला उतरत जातो. उसातली साखर म्हणजे सुक्रोज. कांडं तुटल्यावर त्यातलीच विकरं या सुक्रोजचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करू लागतात. गोडी राहते, पण या दोन साखरांचे दाणे धरत नाहीत, म्हणजे कारखान्याच्या दृष्टीने तेवढी साखर गेली. म्हणून तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांत गव्हाणीत पडावा अशी कारखान्याची धडपड असते. शिवाय एकदा पेटलेला बॉयलर मध्येच थंड करणं परवडत नाही. गाळप रात्रंदिवस चालतं.

याचा अर्थ असा, की कारखान्याला नुसते मजूर पुरत नाहीत. सांगितलं त्या शेतात, सांगितलं त्या दिवशी, हंगाम संपेपर्यंत न चुकता हजर राहतील असे मजूर लागतात. दिवसभर पाचट सोलून, कांडी छाटून मोळ्या बांधायच्या आणि रात्री-अपरात्री ट्रक आला की उठून भराई करायची. ट्रक कधी दहाला येतो, कधी दोनला. डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून चढायचं आणि ट्रक निघून गेला की उरलेल्या वेळात झोपायचं.

घरचा मजूर का नको?

आता पहिलं कोडं. गावातला हळपती संध्याकाळी घरी जातो. त्याच्या घरात दुखणं असतं, नात्यात लग्न असतं, शेजारच्या गावात किंवा गिरणीत दोन पैसे जास्त मिळाले तर तो तिकडे जातो. रात्री दोनला ट्रक आला म्हणून त्याला उठवायला कोण जाणार? भांडण झालं तर त्याच्या पाठीशी उभी राहायला त्याची वस्ती असते.

बाहेरून आलेल्याला यातलं काही नसतं. पडावातून घर लांब, भाषा वेगळी, रेशन कार्ड गावी, ओळखीचं कोणी नाही. तो चोवीस तास फडाच्या शेजारीच असतो. हंगाम संपला की निघून जातो, म्हणजे उरलेले सहा महिने त्याच्या पोटाची जबाबदारी इथे कुणावरच नाही. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन १९६२ पासून दक्षिण गुजरातच्या मजुरांचा अभ्यास करत आले. याच पट्ट्यातल्या बारडोली परिसरातल्या ऊसतोडीवर त्यांनी १९७० च्या दशकात लिहिलं, त्यातला मुख्य मुद्दा हाच होता. परका मजूर अधिक कष्टाळू असतो किंवा स्थानिक आळशी असतो, ही समजूत त्यांनी तपासली आणि ती टिकली नाही. परका मजूर हवा असतो, कारण त्याला ताब्यात ठेवणं सोपं जातं.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. याच हळपतींचे वाडवडील एकेकाळी हाळी होते. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि ते फेडण्यासाठी जन्मभर त्याच्या शेतात राबायचं. कर्ज सहसा फिटत नसे आणि मुलगाही त्याच दारात उभा राहायचा. ज्या बारडोलीने १९२८ साली सारावाढीविरुद्धचा सत्याग्रह जिंकून देशाला मान वर करायला शिकवलं, त्याच तालुक्यातल्या जमिनी हाळी कसत होते. सत्याग्रह जमीन असलेल्यांचा होता. स्वातंत्र्यानंतर काकरापारचा बंधारा झाला, १९७२ मध्ये उकाई धरण झालं, कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, सहकारी कारखाने उभे राहिले. हाळी पद्धत मोडली खरी. पण उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन माणूस बांधायची रीत मोडली नाही, ती फक्त गावातल्या माणसाकडून बाहेरच्या माणसाकडे सरकली.

उचल पावसाळ्यातच का मिळते?

दुसऱ्या कोड्याचं मूळ ऑगस्टमध्ये आहे. सातपुड्याच्या पायथ्याला आणि डांगात कोरडवाहू शेतीचा तुकडा असतो. पावसाळ्यात जुनं धान्य संपलेलं, नवं यायचं असतं. बियाणं, दवाखाना, कधी मुलीचं लग्न, सगळे खर्च याच दिवसांत येतात. नेमका याच वेळी मुकादम गावात येतो.

मुकादम हा कारखाना आणि मजूर यांच्यातला दुवा. बहुधा मजुरांच्याच भागातला, कधी नात्यातलाही. कारखान्याकडून त्याला टोळी जमवण्यासाठी पैसे मिळतात. त्यातून तो जोडप्याला उचल देतो आणि दिवाळीनंतर तोडीला यायचं कबूल करून घेतो. दराची घासाघीस करण्याची ताकद माणसात सगळ्यात कमी असते त्या क्षणी हा सौदा ठरतो. नोव्हेंबरात कामाचा दर काय, हे ऑगस्टच्या भुकेने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

पडावात आल्यावर खावटी सुरू होते. म्हणजे आठवड्याला किंवा पंधरवड्याला धान्य आणि हातखर्चाला थोडी रोकड. ही मजुरी नव्हे. तीही उचलीतच मांडली जाते. मजुरीचा हिशेब हंगाम संपल्यावर एकदाच होतो, आणि सगळ्या यंत्रणेचा कणा माझ्या मते हाच आहे. पगार शेवटी मिळणार असल्यामुळे मधेच निघून जाणं म्हणजे केलेल्या कामावर पाणी सोडणं. जानेवारीत मूल आजारी पडलं, मुकादमाने शिवी दिली, काटा कमी वाटला, तरी माणूस जात नाही. पहारेकरी ठेवायची गरजच पडत नाही.

आणि काट्याचं म्हणाल तर वजन कारखान्यावर होतं, तोडणारा फडात असतो. वजनाची पावती मुकादमाच्या खिशात, वहीसुद्धा त्याचीच. ज्याच्या नावावर टन चढतात त्याला पुष्कळदा ती वही वाचता येत नाही.

चौकट: एका कोयत्याचा हिशेब

एक कोयता म्हणजे दोन माणसं, बहुधा नवरा-बायको. दोघांनी मिळून दिवसाला साधारण एक टन ऊस तोडला, असं धरू. गुजरातमध्ये २०२२ पर्यंत टनाला २३८ रुपये दर होता. उचल आणि खावटीचे पुढचे आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत.

१३० दिवस काम, रोज एक टन: ३०,९४० रुपये.
ऑगस्टची उचल १०,०००. हंगामाला दीडपट फेड घेतली जाते, अशा तक्रारी मजूर संघटनांनी मांडल्या आहेत. त्या हिशेबाने वजा १५,०००.
आठवड्याला ७०० रुपयांची खावटी, २२ आठवडे: वजा १५,४००.
हातात उरले ५४० रुपये.

आता सहा दिवस ताप आला असं समजा. सहा टन कमी, म्हणजे १,४२८ रुपये गेले. ५४० ची शिल्लक पुसली जाऊन ८८८ रुपये बाकी निघाली. पुढच्या ऑगस्टची उचल या बाकीवर चढणार.

दुसऱ्या बाजूने पाहा. एक टन उसातून साधारण १०० ते ११० किलो साखर निघते. २३८ रुपये दराने तोडणी-भराईची मजुरी किलोमागे सव्वादोन रुपयांच्या आसपास पडत होती.

याला हिंसा म्हणायचं का?

पुष्कळांना हा शब्द इथे जड वाटेल. शोषण म्हणा, अन्याय म्हणा, पण हिंसा?

४ मे २०२० रोजी चलथाणच्या जवळच्या वरेलीत टाळेबंदीत अडकलेले परप्रांतीय कामगार रस्त्यावर आले. गावी जाऊ द्या, एवढीच मागणी होती. दगडफेक झाली, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, देशभर त्याची बातमी झाली. ती हिंसा होती याबद्दल कुणाचा वाद नाही, कारण तिला दिवस होता, वेळ होती, चित्रफीत होती. पण त्या दिवसापर्यंत ही माणसं एका खोलीत दहा-दहा जण राहून, पगार अडकलेला आणि शिधा संपलेला असताना जे सोसत होती, त्याला बातमीत नाव नव्हतं.

नॉर्वेच्या योहान गाल्टुंग यांनी १९६९ मध्ये एका निबंधात यालाच नाव दिलं: संरचनात्मक हिंसा, म्हणजे समाजाच्या बांधणीतच असलेली हिंसा. त्यांची कसोटी साधी होती. माणसाला जे मिळू शकलं असतं आणि जे प्रत्यक्ष मिळालं, यात अंतर आहे का? आणि ते टाळता आलं असतं का? अठराव्या शतकात कुणी क्षयाने मेला तर ती हिंसा म्हणता येत नाही, कारण तेव्हा उपायच नव्हता. आज औषध असताना तो मरत असेल, तर मात्र हिंसा झाली आहे, मारणारा कुणी दाखवता आला नाही तरी. पडावातल्या मुलाची शाळा दर वर्षी नोव्हेंबरात सुटते, बाळंतीण आठ दिवसांत फडात उतरते, ही या कसोटीला तंतोतंत उतरणारी उदाहरणं आहेत.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांना हे त्या निबंधाआधी जवळजवळ शंभर वर्षं कळलं होतं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि तो वणवा पुणे-नगरच्या गावोगाव पसरला. या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाला एक गोष्ट ठळक दिसली. लोकांना सावकाराचा जीव नको होता, रोखे आणि गहाणखतं हवी होती. कागद हवाली केले की बहुतेक ठिकाणी सावकाराच्या अंगाला हात लागला नाही. कागद तेवढे जाळले. आपल्याला मारणारी वस्तू नेमकी कोणती, हे त्या निरक्षर माणसांनी अचूक ओळखलं होतं. पुढे १८७९ च्या कायद्याने न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा अधिकार दिला. महात्मा फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यातही सावकार, कुलकर्णी, कचेरी यांची साखळी कडीकडीने उलगडून दाखवली आहे.

दोषी माणूस सापडत का नाही?

ही साखळी धरून वर चढत गेलं की गोंधळायला होतं. मुकादम म्हणतो, उचल बुडवून दोन जोडपी पळाली तर ती माझ्या अंगावर. हे खरं असतं. कारखान्याचा अधिकारी म्हणतो, आमचा करार मुकादमाशी. मजूर आमचे नाहीत. कागदोपत्री हेही खरं. शेतकरी सभासद म्हणतो, मला उसाला भाव हवा. त्याचं काय चुकलं? पण सहकारी कारखान्यात तोडणी-वाहतुकीचा खर्च जितका कमी, तितका सभासदाच्या पदरात भाव जास्त. दक्षिण गुजरातचे कारखाने उसाला देशातल्या चांगल्या भावांपैकी भाव देतात म्हणून नावाजले जातात. ते नाव मिळवलेलंच आहे, व्यवस्थापन चोख असतं. तोडणाऱ्याचा दर मात्र ज्या सभेत ठरतो तिथे तोडणारा सभासद नाही. सहकार हा जमीनवाल्यांचा आहे. साखर खाणारे आपण तर या साखळीत स्वतःला मोजतही नाही.

त्यातही सगळ्यात खाली बाई आहे. ‘कोयता’ हे एकक दोन माणसांचं असलं तरी वहीत नाव एकाचंच, पुरुषाचं. तिची मजुरी त्याच्या टनात विरघळते. पहाटे उठून भाकरी करणं, पाणी आणणं, दिवसभर तोड आणि रात्री भराई हे सगळं एका नोंद नसलेल्या माणसाचं काम आहे. महाराष्ट्रात बीडमध्ये हे कुठवर जातं ते उघड झालं. एक दिवस कामाला नाही गेलं तर खाडा धरून दंड कापतात. पाळीचा त्रास, पोटदुखी म्हणजे खाडा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर जिल्ह्यातली पाहणी आली. ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. कुठल्याही मुकादमाने कुणाला शस्त्रक्रियेच्या टेबलावर बांधलं नव्हतं. खाड्याचा दंड, उचलीचं ओझं, फडात नसलेलं न्हाणीघर आणि गर्भाशय काढून टाका म्हणणारे डॉक्टर, एवढ्याने ते काम झालं.

गाठ नेमकी कुठे आहे

कायद्याने हे ओळखलेलं आहे, असं सांगितलं तर आश्चर्य वाटेल. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने रद्द झाली आणि तिच्यातली कर्जंही रद्द झाली. १९८२ मध्ये दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकलं. न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांनी लिहिलेल्या या निकालानुसार किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणं ही राज्यघटनेच्या कलम २३ खाली सक्तीची मजुरीच ठरते. कारण एवढ्या कमी पैशात कुणी खुशीने राबत नाही. भूक आणि नाइलाज हीसुद्धा सक्तीच आहे. भगवती स्वतः गुजरात उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती. त्यांचा निकाल बारडोलीच्या फडाला जसाच्या तसा लागू पडतो. अडचण अशी की तक्रार करायची ती मजुराने, परजिल्ह्यातून, हंगामाच्या मध्यात, पगार अडकलेला असताना.

मजूर अधिकार मंचासारख्या संघटनांनी ही तक्रार अनेक वर्षं लावून धरली. २०२३ च्या सुरुवातीला गुजरातमध्ये तोडणीचा किमान दर टनाला २३८ वरून ४७६ रुपये, बरोबर दुप्पट झाला. वरच्या चौकटीतलं जोडपं आता ३०,९४० ऐवजी ६१,८८० रुपयांचं काम करतं. ही फार मोठी गोष्ट आहे. सहा दिवसांचा ताप त्याला आता बाकीत ढकलत नाही.

पण दर वाढल्याने गाठ सैल होते, सुटत नाही. उचल ऑगस्टमध्येच मिळते, हिशेब एप्रिलमध्येच होतो, वही मुकादमाकडेच राहते. दर कागदावर वाढला आणि उचलीची फेडही त्याबरोबर वाढली, किंवा पावतीवर टन कमी चढले, तर वाढ मधेच मुरते. म्हणून मला यातली सर्वांत महत्त्वाची मागणी दराची वाटत नाही. पंधरा दिवसांनी पगार, तोही नवऱ्याच्या आणि बायकोच्या वेगवेगळ्या खात्यांत, ही मागणी त्याहून मोठी आहे. पंधरवड्याला मजुरी हातात पडू लागली तर खावटीचं कर्ज काढायला लागत नाही, आणि निघून जायचं झालं तर फार तर पंधरा दिवसांची मजुरी अडकते, सहा महिन्यांची नाही. जानेवारीत मुलाला ताप आला तर आई त्याला घेऊन नंदुरबारची गाडी पकडू शकते. मुकादमाला टोळी एप्रिलपर्यंत टिकवायची असेल, तर मग त्याला ती नीट वागवून, चोख वजन दाखवून टिकवावी लागेल, आणि कारखान्यालाही रात्री दोनच्या भराईचा दर वेगळा मोजावा लागेल.